चार मासे आणि पंधरा रुपयांचा उजेड

कोरेगाव,
रविवार, ता. १० जुलै १९६६

ती. राजारामदाजी यांच्या चरणी जालिंदरचा साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे आठही अंगं सध्या एका वेळी जमिनीला टेकत नाहीत. सहा टेकतात. उरलेली दोन आराम पडताच पोचती करीन.)

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तिकडे माधवनगरला आक्काताईचा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घे म्हणावं आणि चिंचेच्या बरणीपासून लांब राहा म्हणावं. यातलं ती दुसरं ऐकणार नाही, पण भाऊ म्हणून सांगणं माझं काम आहे. तुम्हाला गिरणीत सध्या दिवसपाळी आहे की रात्रपाळी? दिवसपाळी असेल तर हे पत्र संध्याकाळी निवांत वाचा, रात्रपाळी असेल तर झोप झाल्यावर वाचा, कारण मजकूर थोडा लांबणार आहे. म्हैस व्याली का? रेडी झाली असेल तर उलट टपाली कळवा, टोणगा झाला असेल तर घाई नाही.

तुमच्या गेल्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, की हायस्कुलातल्या ड्रॉइंग मास्तराला काचेच्या पेटीत मासे पाळायचं खूळ कुठून शिरलं. त्याच पत्राच्या समासात आक्काताईने बारीक अक्षरात विचारलं होतं, की मासे कालवणाचे आहेत की शोभेचे. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. मासे शोभेचे आहेत, तांबडे आहेत, चार आहेत, आणि खूळ माझं नसून इथल्या शेतकी अधिकाऱ्यांचं होतं. त्यांनी ते पुण्याहून आणलं होतं. मे महिन्यात त्यांची बदली वडूजला झाली. वडूजला ढगाकडे बघून माणसांचीच मान अवघडते, तिथे चार माशांना हंडाभर पाणी रोज कोण देणार? तेव्हा निघताना साहेबांनी ती दोन फुटी पेटी माशांसकट माझ्या स्वाधीन केली. (त्यांच्या प्रदर्शनासाठी मी ज्वारीचं कणीस रंगवून दिलं होतं, पुरुषभर उंचीचं. लोक त्याला मक्याचं समजले, पण साहेब दिलदार माणूस.) मी पेटी घेतली ती भिडेखातर. दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या तरी गळ्यात बांधायची, असा माझा बेत होता.

पण त्या दिवशी संध्याकाळी एक गोष्ट घडली. पेटी सोप्यात आबांच्या बाजल्याजवळच्या खिडकीत ठेवली होती आणि मावळतीचं ऊन तिच्यातून आरपार आलं होतं. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय हे तुम्हाला ठाऊकच आहे. संक्रांतीपासून त्यांना माणूस दिसतो तो नुसता सावलीसारखा. मी, पोटचा पोरगा, समोर उभा राहिलो तरी ते “कोन हाय?” म्हणून विचारतात, आणि मी काही बोललो की मग “मास्तर व्हय!” म्हणतात. तर असे आबा एकदम उठून बसले आणि म्हणाले, “त्ये तांबडं काय हाललं रं?” दाजी, खरं सांगतो, माझ्या हातातली चहाची बशी कलंडली. चार महिन्यांत त्यांनी स्वतःहून पाहिलेली ती पहिली वस्तू. त्याच क्षणी मी ठरवलं, की पेटी कुठेही जाणार नाही, आणि हे मासे आबांना दिवसभर दिसतील असा उजेड मी त्या पेटीत पाडून दाखवीन.

तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा डोळ्यांचं ऑपरेशन का करून घेत नाही? अहो, म्हटलं नाही का! हजारदा म्हटलं. पण आबांच्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या धोंडीबातात्यांनी, तुमच्या लग्नाच्या कितीतरी आधी एका जत्रेतल्या सुईवाल्याकडून मोतीबिंदू काढून घेतला होता. मोतीबिंदूबरोबर डोळाही गेला. तेव्हापासून आबांच्या लेखी जत्रेतला सुईवाला आणि मिरजेचा शिकलेला डॉक्टर हे एकाच पंगतीतले. पहिल्या लढाईत बसऱ्याला तुर्कांच्या गोळ्या कानाजवळून गेल्या तर हा माणूस हलला नाही, पण डोळ्याचं नाव काढलं की गोधडी डोक्यावरून घेतो. म्हणून म्हटलं, डोळा बदलत नाही तर उजेड बदलू.

आता उजेड हा माझा प्रांत. बावीस वर्षं मी पोरांना छाया-प्रकाश शिकवतोय. तुमच्या माधवनगरच्या गिरणीत दिव्यांची रांग असेल, पण दिवा कुठे असावा हे तिथे कुणाला विचारलं तर वायरमनकडे बोट दाखवतील. मला विचारा. प्रकाश डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशांत यावा. मडकं असो, केळं असो, मासा असो, नियम एकच. सौ.ने (म्हणजे विजयमालाने) या कामाला पंधरा रुपये मंजूर केले आणि वर एक पैसाही मिळणार नाही असं बजावलं. मी म्हटलं, पंधरात होऊन वर गजऱ्याला पैसे उरतील. (गजऱ्याचा विषय तिने अजून सोडलेला नाही.)

पहिले दहा दिवस मी फुकटचा उजेड वापरला, म्हणजे सूर्य. पेटी खिडकीतच राहू दिली. सूर्य दुपारनंतर उजवीकडून येतो हे नियमाला धरून नव्हतं, पण त्याच्यापुढे कुणाचं चालतं? दहा दिवसांत पाण्याचा रंग कैरीच्या पन्ह्यासारखा झाला, काचेला आतून शेवाळ धरलं, आणि पाणी एवढं तापलं की मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. आबांना तर तांबडं सोडाच, हिरवंही दिसेना. विजयमालाने चारदा पेटी घासली आणि पाचव्यांदा घासणी माझ्या हातात दिली. तेव्हा पेटी खिडकीतून हलवून आबांच्या उशाशी भिंतीला लावली आणि मी विजेकडे वळलो.

शंभरचा बल्ब आणला. वनस्पती तुपाचा रिकामा डबा उभा कापून त्याची टोपी केली, आतून घासून चकचकीत केली, आणि बल्ब डावीकडे, वरून, बरोबर पंचेचाळीस अंशांत टांगला. (कोनमापक शाळेतला. सोमवारी परत ठेवला.) बटण दाबलं आणि काय सांगू, पेटीत दुपार झाली! फक्त एक अडचण झाली. चारही मासे उजव्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे मी काढून दिलेल्या छायेत, जाऊन बसले. चित्र म्हणून ते अचूक होतं, पण आबांना दिसायचं तर मासा उजेडात यायला हवा ना? मी बल्ब आणखी खाली घेतला. दुसऱ्या दिवशी आपला थोरला मासा (चौघांत एक चांगला टगा आहे) वर आला, शेपटी झाडली, पाण्याचे चार थेंब तापलेल्या बल्बवर उडाले आणि बल्ब असा फुटला, की समोरच्या राहीबाई पदर सावरत धावत आल्या. आबा शांतपणे म्हणाले, “लांब पडला. आपल्या बाजूला न्हाई.” मासे वाचले. काच वेचायला दोन तास गेले, आणि पंधरातून पहिला रुपया गेला तो असा.

शिवाय व्होल्टेजचा प्रश्न होताच. कोयनेची वीज कोरेगावात आली ही मोठीच गोष्ट, पण आमच्या गल्लीत ती येते ती गुंडाच्या पिठाच्या गिरणीमार्गे. गुंडाने गिरणी सुरू केली, की आमचा शंभरचा बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा होऊन बसतो. मी जाऊन त्याला समजावलं, की बाबा, आबांच्या माशांची वेळ सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात, तेवढं दळण मागेपुढे कर. गुंडा म्हणाला, “मास्तर, मासं उपाशी ऱ्हातील का मानसं, त्येवढं तुमीच ठरवा.” बिनतोड बोलला. तरीपण आबांसाठी म्हणून संध्याकाळची वेळ त्याने सोडून दिली. आता आमच्या गल्लीत पाच ते सात दळण मिळत नाही आणि बायका मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

त्यानंतरचा भाग मी गाळणार होतो, पण आक्काताईच्या कानावर दुसरीकडून जाईल, त्यापेक्षा माझ्याकडूनच गेलेला बरा. साताऱ्याचे मंडपवाले नाथाजी माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडून मी लग्नातले झिरोचे चार बल्ब आणि निळा जिलेटीन कागद आणला. विचार असा, की समुद्र निळा असतो, तेव्हा माशांना घरच्यासारखं वाटेल आणि ते कोपरा सोडून बाहेर येतील. उजेड गार, बल्ब तापत नाही, खर्च किरकोळ. लावलं. मासे खरोखरच बाहेर आले आणि बघतो तर चारीच्या चारी काळेठिक्कर! राहीबाईंनी गालावर बोट ठेवून निदान केलं, “करपलं! त्या दिशी बाँब फुटला तवाच म्हनलं मी.” मी घाबरून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी आयुष्यात मासा फक्त ताटात पाहिलेला, पण माणूस सज्जन. त्यांनी एक मासा तांब्यात घेतला आणि नीट बघावा म्हणून अंगणात नेला. अंगणात मासा लालभडक. आत आणून पेटीत सोडला, काळा. पुन्हा अंगणात नेला, लाल. असं तीनदा झालं. अंगणात आता गल्ली गोळा झाली होती. तेव्हा डॉक्टरांनी चष्मा पुसला, जिलेटीन कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, “मास्तर, शाळेत तुम्ही काय शिकवता म्हणालात?”

दाजी, निळ्या प्रकाशात तांबडी वस्तू काळी दिसते हे मी दर वर्षी नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून सांगतो. परीक्षेत दोन मार्कांना विचारतो. ज्यांना येत नाही त्यांना बाकावर उभं करतो. (तुम्ही हसताय ते मला इथे ऐकू येतंय. हसा. पण हे आक्काताईला वाचून दाखवताना डॉक्टरांचं शेवटचं वाक्य गाळा.)

पण हरेल तो जालिंदर कसला! एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं, की या कामाला एकच वस्तू लायक आहे आणि ती म्हणजे ट्यूबलाइट. उजेड पांढरा, सगळीकडे सारखा, उष्णता नाही, वीज कमी. एका रविवारी साताऱ्याला जाऊन एका मोठ्या दुकानात चौकशी केली. पट्टी, चोक, स्टार्टर आणि ट्यूब मिळून दुकानदाराने जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्चीवर बसलो, आणि खुर्चीचे वेगळे पडत नाहीत ना हे विचारून घेतलं. तिथून उठलो तो थेट नाथाजींकडे. त्यांच्या गोदामात दोन फुटांची एक ट्यूब होती. एका वरातीत तिच्या पट्टीला पोचा आला होता आणि एक टोक काळं पडलं होतं, म्हणून मंडपातून निवृत्त झालेली. नाथाजींनी आठ रुपये सांगितले. मी घासाघीस करून दहाला घेतली. (चुकून लिहिलं नाही. दोन रुपयांत त्यांनी नवा स्टार्टर घातला, आणि मी त्यांच्या दुकानाची पाटी फुकट रंगवून द्यायची असं ठरलं. पाटीवर त्यांना मंडपाबरोबर हत्तीही हवा आहे. हत्ती मला कणसापेक्षा बरा जमतो.)

ती ट्यूब पेटीवर बसवण्यासाठी पेटीचं झाकण काढलं, लाकडी चौकट केली, स्टुलावर चढलो, आणि शेवटचा स्क्रू पिळताना स्टुलाने माझी साथ सोडली. ट्यूब शाबूत. कंबर तेवढी गेली. पडल्या पडल्या पहिली हाक मी ट्यूबच्या नावाने मारली, याचा विजयमालाने लावायचा तो अर्थ लावला आहे. पण दाजी, बटण दाबल्यावर ती ट्यूब तीनदा लुकलुकली, चोक भुंग्यासारखा गुणगुणू लागला, आणि असा स्वच्छ पांढरा उजेड पडला की माशांच्या अंगावरचे खवले मोजून घ्यावेत! तळाची वाळू दिसते, पाण्यातले बुडबुडे दिसतात, मागच्या भिंतीवर विजयमालाने लिहिलेला दुधाचा हिशेबसुद्धा दिसतो. कोपरा सोडून मासे आता मध्यभागी फिरतात. पंधरा रुपयांत मी हे करून दाखवलं, आणि कोरेगावातच काय, उभ्या सातारा जिल्ह्यात एवढ्या पैशांत एवढा उजेड कुणी पाडून दाखवावा, मी त्याला मास्तर म्हणेन.

गावानेही दखल घेतली आहे. दिवेलागणीला ट्यूब लागली, की राहीबाई आपल्या दारातूनच पेटीला हात जोडतात. तिन्हीसांजेला लागलेल्या दिव्याला नमस्कार करायचा एवढंच त्यांना ठाऊक, मग तो देवापुढचा असो की माशांपुढचा. त्यांचं बघून गल्लीतल्या आणखी चौघी येऊ लागल्या. सोमवारी काचेवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली सापडली, मंगळवारी कुणीतरी चुरमुरे टाकले, आणि बुधवारी एकीने फुटाणे. त्या टग्या माशाने फुटाणा गिळला आणि दिवसभर वर पोट करून तरंगत होता, मला वाटलं आटोपलं. शेवटी मी पाटी रंगवून लावली, ‘येथे नैवेद्य टाकू नये’. त्यामुळे उलट झालं. पाटी आहे म्हणजे देवस्थान जागृत असणार, अशी आता खालच्या आळीची खात्री झाली आहे.

आणि मुख्य म्हणजे आबा! रोज सकाळी चहा झाला की ते पेटीकडे तोंड करून बसतात. मी शाळेला निघताना विचारतो, “आबा, मासे दिसतात का?” ते म्हणतात, “चारी हायती. थोरला लय माजलाय.” संध्याकाळी आल्यावर विचारतो, तेव्हाही, “चारी हायती. झकास!” हे ऐकलं की कमरेतली कळ जाते, गुंडाचा टोमणा जातो, डॉक्टरांचा प्रश्नसुद्धा जातो. बापाला काहीतरी दिसावं म्हणून मुलाने धडपड करावी आणि ते त्याला खरंच दिसावं, यापेक्षा आणखी काय हवं?

तर असं सगळं उत्तम चाललं आहे, काळजीचं कारण कोणतंही नाही. आक्काताईला नमस्कार, पोरांना पाठीवर एकेक धपाटा, म्हशीला चार गवताच्या काड्या माझ्या नावाने जास्त.

आपला मेहुणा,
जालिंदर

ता.क. पुढच्या आठवड्यात धोंड्याचा महिना लागतो आहे हे लक्षात असेलच. तेव्हा २४ तारखेच्या रविवारी तुम्ही आणि आक्काताईने इकडे धोंडे जेवायला यायचं आहे. माधवनगरहून सकाळची गाडी धरलीत तर जेवायच्या वेळेला पोचाल. विजयमालाने अनारशांचे तांदूळ भिजवायची तयारी चालवली आहे. जावयाला द्यायला आबांनी तांब्याचा दिवा घेऊन ठेवला आहे, तो रोज चाचपून बघतात. कामाचं निमित्त सांगू नका. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना आहे.

ता.क. दुसरं. वरच्या मजकुरातली एक गोष्ट दुरुस्त करतो. तुमच्यापाशी खोटं बोलून झोप यायची नाही.

काल शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. घरी येऊन मी पेटी घासायला काढली. मासे परसात बादलीत ठेवले, पाणी सगळं उपसून टाकलं, वाळूसुद्धा काढली. पेटी पुसून कोरडी केली आणि ट्यूबच्या पट्टीत पाणी गेलंय का हे बघायला नुसतं बटण दाबलं. ट्यूब लागली, चोक गुणगुणू लागला. आबा बाजल्यावर आडवे होते. ते कुशीवर वळले, रिकाम्या पेटीकडे तोंड केलं आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “चारी हायती रं मास्तर. थोरला लय माजलाय आज.”

दाजी, मी हातातल्या फडक्यासकट तिथेच खाली बसलो. ट्यूबचा आवाज आला की काय म्हणायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पहिल्या दिवशी उन्हात काहीतरी तांबडं हललेलं त्यांना दिसलं असेल, एवढंच. नंतरचे सगळे दिवस मी त्यांना दिसावं म्हणून दिवे टांगत होतो, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ते मासे मोजत होते. मला रडू आलं. आवाज न करता रडलो, कारण आबांचे कान चांगले आहेत. मासे पुन्हा पेटीत सोडून म्हटलं, “व्हय आबा, चारी हायती.”

ता.क. तिसरं, आणि हे पत्र लिहायचं खरं कारण हेच. मिरजेच्या डॉक्टरांनी नुसती लक्षणं ऐकूनच मला मागे सांगितलं होतं, की मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आता उशीर करू नका. आबा माझं ऐकणार नाहीत. मी हेडमास्तर झालो तरी त्यांच्या लेखी चड्डीतलाच. आक्काताईचं ऐकल्यासारखं करतील आणि ती गाडीत बसली की विसरतील. पण धोंड्याच्या महिन्यात दारी आलेल्या जावयाचा शब्द त्यांनी मोडलाय असं आमच्या घराण्यात झालेलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, त्या दिवशी पाटावर बसल्यावर आबा तुमच्यापुढे अनारसे आणि दिवा धरतील, तेव्हा दिवा हातात घेऊ नका. म्हणा, आबा, मला हे वाण नको, माझ्याबरोबर मिरजेला चला, डोळा दाखवून घ्या, तेच माझं वाण. आणि ते हो म्हणेपर्यंत घासाला हात लावू नका. (धोंडे तुम्हाला किती आवडतात हे मला माहीत आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आधी या, विजयमाला दोन काढून ठेवील. रिकाम्या पोटी तुमचा निर्धार टिकणार नाही.) तुमच्याकडून मिरज जवळ आहे, पट्टी सुटेपर्यंत आबा तुमच्याकडेच राहतील, मी रजा काढून येतो. फक्त यातलं आबांना अवाक्षरही कळता कामा नये. नाहीतर ते २४ तारखेच्या आधीच कुठल्यातरी पाहुण्याकडे निघून जातील.

जा.

ती. दाजी आणि वन्सं यांना विजयमालाचा नमस्कार. हे पाकिटाला डिंक आणायला गेले आहेत म्हणून घाईने दोन ओळी लिहिते. हे लिहीत होते तेव्हा आबा सारखे विचारत होते, की मास्तर एवढं काय लिहितोय, मधेच हुंदका कशाचा देतोय. हे बाहेर पडल्यावर आबांनी मला बसवून सगळं पत्र वाचून घेतलं. मला नाही म्हणता आलं नाही. डॉक्टरांच्या तांब्याशी पोचले तेव्हा पोट धरून हसले. शेवटचा भाग वाचताना मीच मधे थांबले, तेव्हा पाणी पिऊन ये म्हणाले आणि पुढचं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर तो तांब्याचा दिवा मागवून घेतला आणि चाचपून बघितला. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझ्यावर बालंट नको.

“जावायास्नी लिव्ह, येनार म्हंजी येनारच. आन् मागल्या दारानं चोरून खायचं काय कारन न्हाई, पुढच्या दारानं या आन् प्वाटभर जेवा. धोंड्यात जावायानं मागितल्यावर न्हाई म्हनता येत न्हाई, ह्ये त्या मास्तराला बरं ठावं हाय! पर माझीबी एक अट हाय म्हनावं. ह्या धोंड्याला एकच डोळा दीन. दुसरा पुढच्या धोंड्याला.”